खालच्या फळीचे नर

नसरीनबाई,

तुमी गेल्या हे मले सोमवारी सकाळी गेटवरच्या शिपायानं सांगतलं, तवा मी त्याच्यावर हात उगारला. खरं सांगतो. म्हनलं, "सकाळी सकाळी बाईचं नाव घेऊन मस्करी करतं काय बे?" तो मागं सरला अन् रडाले लागला. तवा मले समजलं. समजलं म्हनजे कानात पडलं. आतमंदी अजून उतरलं नाई. आज बारा दिवस झाले, तरी नाई.

शनिवारी पाच वाजता तुमी माह्या समोर उभ्या होत्या. बोलत होत्या, हात हालवत होत्या, चष्मा कपाळावर चढवत होत्या. रविवारी संध्याकाळी घरच्या सैपाकघरात उभ्या उभ्या पडल्या अन् दवाखान्यात नेता नेता संपल्या. पंचेचाळीस बी पुरे नव्हते. असं होते काय? मी अडुसष्टचा म्हातारा, दोनदा हिवतापातून उठलो, एकदा अस्वलाच्या पंजातून सुटलो. मी इथी हावो अन् तुमी नाई. हे कसं झालं, कोनी सांगाले तयार नाई. डाक्टर म्हनते दिल बंद पडलं. काऊन पडलं, ते तं सांग!

त्या सोमवारी मी काय केलं सांगू? तुमी गेटवर ठेवलेली चाबी घेतली, प्राणीघर उघडलं अन् वजन केलं. सोमवार होता न. सोमवार म्हनजे वजन. एकेक पिंजरा उतरवला, एकेक उंदीर डब्यात घातला, डबा काट्यावर ठेवला, वहीत लिहिलं. सगळे जिते होते, बाई. ती कान फाटलेली म्हातारी मादी, जिच्याबद्दल तुमी म्हनत होत्या का हे आता आठ दिवस काढनार नाई, ते बी डब्यात बसून मिशा साफ करत होती. मी तिच्याकडं पाहत राह्यलो. म्हनलं, तू हायेस? तू काऊन हायेस? मंग माही मले लाज वाटली. तिचा काय दोष.

दुपारच्या नमाजनंतर तुमाले नेलं. मी तुमच्या घरासमोर लिंबाखाली उभा होतो, लोकापासून दूर. तुमच्या भावानं पाह्यलं, जवळ येऊन हात धरला अन् म्हनलं, "दसरूभाऊ, कंधा दो." मी गोंड मानूस, आमचे देव वेगळे, आमची माती द्याची रीत वेगळी. पन कोनी काही म्हनलं नाई. मी खांदा देला. अन् बाई, माफ करा, जनाजा खांद्यावर येताच माह्या खांद्यानं वजन पाह्यलं. सवय हाये. तीस वर्षं या प्राणीघरात दुसरं केलं काय? आतून कोनी म्हनलं, एवढंच? एवढ्याच होत्या बाई? तीन मुठी माती मी बी टाकली. हाताले मातीचा वास दोन दिवस होता. मी धुतला नाई.

तुमी या कालेजात आल्या तवा मी सशाचं अन् उंदराचं पाहत होतो. तुमी पहिल्याच दिवशी सांगतलं, "भाऊ, आपल्याले उंदीर म्हातारे होईपर्यंत पाळाचे हायेत." मले हसू आलं. आमच्या पोंभुर्ण्याकडं धानाच्या बांधीतला उंदीर पोरं धुरानं काढते अन् भाजून खाते. अन् इथी त्याले एसीत ठेवून म्हातारा कराचा! मी म्हनलं, "बाई, म्हातारा उंदीर पाहून कोनाचं भलं होनार?"

तुमी रागावल्या नाई. म्हनल्या, "माह्या अम्मीचं. सगळे लोक जवान उंदरावर काम करते, अन् त्यातल्या त्यात नरावर. काम लवकर उरकते. म्हाताऱ्या मादीले कोनी इचारतच नाई. मंग अम्मीले जे औषध देतात ते कोनाच्या अंगावर पाह्यलेलं असते, सांगा?"

ते माह्या डोक्यात बसलं. त्या दिवसापासून मी पिल्लं दूध सोडते तवापासून त्याईचं वजन करू लागलो. नर भरभर वाढत, मादी हळू. दीड वर्षापर्यंत नराचा थाट पाहाले पायजे होता! गळा जाड, पाठ रुंद. मंग तो उतरू लागे. मादी आपली हळूहळू वाढतच राहे. तुमी म्हनल्या, "पाहा भाऊ, तुमच्यासारखेच. जवानीत फुगतात, म्हातारपनी सुकतात." त्याच दिवशी आमची जंगाबाई माहा डबा घेऊन आली होती, घामानं भिजलेली, दारात मावत नव्हती. तुमी तिले खुर्ची देली अन् म्हनल्या, "जंगाबाई, तुमी दोघं नवराबायको माह्या अभ्यासात बरोबर बसता." तिले कळलं नाई. कळलं तवा ते इतकी हसली का उंदीर पिंजऱ्यात दबून बसले.

काट्यावरचा माहा विश्वास तुमी मोडला, तो नागपूरले नेऊन. तिथल्या मोठ्या संस्थेत मशीन होती. जित्या उंदराले काचेच्या नळीत सरकवाचं, दोन मिनिटं थांबाचं, अन् पडद्यावर येते का अंगात चरबी किती अन् मांस किती. मी एका म्हाताऱ्या मादीचं वजन आधीच सांगतलं होतं, चार महिन्यापासून तेच. मशीन म्हने, मांस कमी झालं, चरबी वाढली. मी म्हनलं, मशीन बिघडली. तुमी म्हनल्या, "काटा खोटं बोलत नाई भाऊ. पन तो अर्धंच बोलते." वापस येताना वरोऱ्याच्या पुढं चहा पेलो. तीस वर्षं मी अर्धंच ऐकत होतो, हे मले सहन होत नव्हतं. तुमी माह्या कपात आपल्या कपातला चहा ओतला अन् म्हनल्या, "रागावू नका. अर्धं बी कोनी एवढं नीट लिहून ठेवत नाई."

हे चांगलं-चांगलं मी आधी लिहून घेतलं, कारन आता जे लिहाचं हाये ते लिहाले हात उठत नाई.

आपलं भांडन थंडीवरून होतं. माद्या पाच-पाच एका पिंजऱ्यात. नर एकत्र ठेवले तं एकमेकाची पाठ फाडते, म्हनून एका पिंजऱ्यात एक. एक दिवस मी म्हनलं,

"बाई, या म्हाताऱ्या नराले थंडी वाजून राह्यली."

"खोलीत चोवीस डिग्री हाये भाऊ. नियमात हाये."

"नियम कोनासाठी? तुमच्यासाठी न? तुमी अंगात कोट घालून फिरता. त्याच्या अंगात कोट हाये काय?"

"त्याच्या अंगावर केस हायेत."

"माह्या डोक्यावर बी होते."

तुमी हसल्या. मी हसलो नाई. मी म्हनलं, "माद्या ढीग करून झोपते. एकमेकीच्या पोटाखाली घुसते. नर एकटा भुशात अंग चोरून पडते. त्याचं सारं खाल्लेलं अंग गरम ठेवन्यात जाते. तुमी म्हनता तो नर हाये म्हनून सुकते. मी म्हनतो तो एकटा हाये म्हनून सुकते."

तुमी पेन खाली ठेवला. मंग म्हनल्या, "सवाल बरोबर हाये. पन आता मधात काही बदलता येत नाई. सुरुवातीपासून जसं ठेवलं तसंच शेवटपर्यंत. एकाले बी काही वेगळं देलं तं सगळं गेलं. समजलं न?"

मी म्हनलं, "समजलं."

समजलं होतं, बाई. चांगलं समजलं होतं. इथी मी अडानी होतो असं म्हनून सुटत नाई.

आमच्या गावात एक रीत हाये. घरातला मानूस म्हातारा झाला, त्याचं अंग सुकाले लागलं, का चैतात घरचे लोक जंगलात जाऊन सावरीचा कापूस वेचून आनते. त्याची उशी करते, पाठीखाली घालाले लहान गादी करते. त्याच्यासाठी कोनी म्हाताऱ्याले इचारत नाई. मागाले लावनं म्हनजे त्याची इज्जत काढनं. न मागता द्याचं. माहा बाप त्याच कापसावर गेला. आपलं भांडन झालं त्याच साली जंगाबाईनं माह्यासाठी कापूस आनला होता. मले राग आला, म्हनलं मी काय म्हातारा झालो काय? उशी भरू देली नाई. तो कापूस तसाच पोत्यात पडून होता.

तो मी प्राणीघरात आनला. भुशासंगं वाफेच्या भट्टीत घालून साफ केला. सगळ्या नराले पुरनारा नव्हता. मांडनीतल्या खालच्या फळीच्या नराले देला, कारन तुमचे गुडघे दुखत अन् खालच्या फळीशी तुमी बसत नव्हत्या. वरच्या दोन फळ्या तुमी पाहत, खालची मी. हे बी मी इचार करूनच केलं. सोमवारी वजनाआधी कापूस काढाचा, वजन झालं का घालाचा. नागपूरले न्याच्या आदल्या दिवशी काढाचा. पहिल्या दिवशी घातला तवा एका म्हाताऱ्यानं तो दातानं पिंजला, गोल घर केलं अन् आत जाऊन असा झोपला का त्याची शेपटी बी दिसेना. मले वाटलं, मी चांगलं काम केलं. बाईले दाखवीन, पन आत्ता नाई. आधी मीच बरोबर होतो हे दिसू दे.

ते दिसलं. गेल्या महिन्यात नागपूरच्या मशीनीनं दाखवलं. वरच्या फळीचे नर सुकले, खालच्या फळीच्याईनं मांस धरून ठेवलं. तुमी गाडीतच कागद मांडीवर घेऊन बसल्या, चंद्रपूर येईपर्यंत मान वर केली नाई. उतरताना म्हनल्या, "भाऊ, खालच्या फळीत काहीतरी हाये! उजेड कमी असन काय? आवाज कमी असन?"

मी म्हनलं, "असन."

असन! एवढंच म्हनलं मी.

मंग तीन हप्ते तुमी शोधत राह्यल्या. उजेड मोजाचं यंत्र मागून आनलं. आवाज मोजाचं आनलं. दुखऱ्या गुडघ्यानं खाली बसून प्रत्येक पिंजऱ्यासमोर यंत्र धरत होत्या, उठताना माह्या खांद्याले धरत होत्या. तुमी येन्याच्या आधी मी कापूस काढून ठेवत होतो अन् तुमाले खांदा देत होतो. कोनाले माहीत होतं, तुमच्याजवळ तीनच हप्ते हायेत? ते तीन हप्ते तुमी उजेड मोजन्यात घालवले. मी घालवू देले.

शनिवारी तुमाले भुशात कापसाचा एक धागा भेटला. चिमट्यात धरून तुमी माह्यासमोर उभ्या राह्यल्या. आवाज शांत होता.

"दसरूभाऊ, हे काय हाये? खाली तुमी काही वेगळं केलं काय?"

आता किती वेळा त्या खोलीत उभा राहून जवाब देतो मी. हो बाई, एवढं म्हनाचं होतं. पन माह्या तोंडातून काय निघालं? "तीस वर्षांत माह्यावर कोनी बोट उचललं नाई. शक असन तं दुसरा मानूस ठेवा." चाबी टेबलावर आपटली अन् निघालो. तुमी मागून वऱ्हांड्यात आल्या, चप्पल बी घातली नव्हती. "अरे भाऊ, मी शक नाई करत. इचारून राह्यली!"

मी मागं पाह्यलं नाई. माही मान ताठ होती. तुमचं ते शेवटचं बोलनं, अन् मी तुमाले पाठ दाखवून ऐकलं.

घरी जंगाबाईले सांगतलं तं तिनं मले जेवनाचं ताट देलं नाई. म्हने, "बाईनं इचारलं न? मंग सांगाले तुमची जीभ झडली होती काय? सोमवारी सकाळी पहिले जाऊन सांगा." मी म्हनलं, पाहीन. सोमवारी चाबी मागून घेईन, थोडा ताठा दाखवीन, मंग सांगीन, असं ठरवून आलो होतो. अन् गेटवर तो शिपाई.

नवव्या दिवशी तुमच्या जागेवर आलेल्या सरांनी मले बोलावलं. भला मानूस हाये. तुमचा निबंध तुमच्या नावानं पाठवाचा म्हने, जवळ जवळ तयार हाये. वाचून दाखवला. सगळ्यात मोठी गोष्ट म्हने खालच्या फळीचे नर, बहुतेक अंधारामुळं. शेवटी आभार मानले होते, त्यात माहं नाव. "दसरू मडावी यांची निष्ठा." सर म्हनाले, "हे बाईंनीच लिहून ठेवलं होतं."

मले बसवेना. कोनाले ठाऊक होतं? कोनालेच नाई. चूप राह्यलो असतो तं तुमचं नाव मोठं झालं असतं, माहं बी झालं असतं. पन जे तुमी कधीच खरं मानून छापू देलं नसतं, ते तुमच्या नावानं गेलं असतं, अन् तुमी ते थांबवाले येऊ शकत नव्हत्या. मी उठलो, पोत्यातला उरलेला कापूस आनला अन् सरांच्या कागदावर ठेवला. सगळं सांगतलं. उभ्यानं.

सर पहिले समजलेच नाई. मंग पांढरे पडले. "तुम्हाला कळतंय का, तुम्ही बाईंच्या अडीच वर्षांचं काय केलंत?"

"म्हनून तं आलो."

"खालची फळी सगळी काढावी लागेल."

"काढा."

"जे सगळ्यात मोलाचं वाटत होतं, तेच गेलं."

मी म्हनलं, "ते बाईचं नव्हतंच, सर. वरच्या दोन फळ्या बाईच्या हायेत. माद्या बाईच्या हायेत. त्याले मी हात लावला नाई. तेवढं खरं हाये, तेवढंच पाठवा."

मंग मी इचारलं, "पन माही गोष्ट खरी होती काय? थंडीची?" सरांनी कापूस हातात घेऊन पाह्यला. म्हनाले, "असेलही. पण यातून काहीच सांगता येत नाही. कधी दिला, किती दिला, कोणाला दिला, काही नोंद नाही. ते पहिल्यापासून करावं लागेल." त्याईनं चाबी मागितली नाई. मीच टेबलावर ठेवली, या वेळी आपटली नाई. सरांनी ती परत माह्याकडं सरकवली. "उंदरांना पाणी कोण देणार?" एवढंच म्हनाले, माह्याकडं न पाहता.

काल त्याईनं नवीन कागद वाचून दाखवला. आभारातलं माहं नाव मी काढाले लावलं होतं, ते काढलं. खालची फळी काऊन नाई, त्याचं एक वाक्य घातलं. "कर्मचाऱ्याकडून अनवधानाने जादा साहित्य दिले गेल्याने." मी इचारलं, अनवधान म्हनजे? सर म्हनाले, लक्षात न येता, चुकून.

"चुकून नाई, सर. जानून केलं. बाईनं मना केलं होतं तरी केलं. अन् बाईनं इचारलं तवा सांगतलं नाई. असं लिहा. अन् नाव लिहा. दसरू मडावी. नाईतर लोक म्हनतील बाईचं लक्ष नव्हतं."

"असं कोणी छापत नाही, दसरूभाऊ."

"मंग तुमी बाईच्या आठवणीचं पुस्तक काढून राह्यले न? त्यात मले दोन पानं द्या."

सर म्हनाले, तुम्ही सांगा, कोणी लिहून घेईल. मी म्हनलं, चवथी पास हावो, माह्या हातानं लिहीन. जिथी शब्द अडला तिथी जंगाबाईनं रागानं पाह्यलं अन् मी पुढं लिहिलं.

तं बाई, कालेजातले सगळे वाचतील अशा ठिकानी लिहितो. हो. मीच केलं. तुमाले ठाऊक नव्हतं.

शनिवारी एवढं म्हनलं असतं तं तुमी मले चांगल्या दोन शिव्या देल्या असत्या. चार दिवस बोलल्या नसत्या. अन् पाचव्या दिवशी नवी पिल्लं मोजून नव्या फळ्या मांडल्या असत्या, अर्ध्या नराले कापूस, अर्ध्याले नाई, सगळं वहीत लिहून. अन् अजून अडीच वर्षं आपन दोघं त्या पिंजऱ्यासमोर उभे राहून भांडलो असतो.